साने गुरुजींची लेखणी

पुस्तक लिहिणे हे काम आहे काय? पुष्कळांना तसे वाटत नाही. शेतात राबणारा गडी म्हणतो, "बसून लिवायचं, त्यात कसलं आलंय काम? पाठीला ऊन लागत नाही, का हाताला घट्टे पडत नाहीत."

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. लिहिणारा सावलीत बसतो, हे खरे. पण चांगले पुस्तक नुसते सावलीत बसून होत नाही. त्याच्या मागे कितीतरी वर्षांचे पाहणे असते, ऐकणे असते, सोसणे असते. आणि रोज नेमाने लिहायला बसणे असते.

हे कसे, ते एका माणसाच्या आयुष्यावरून पाहू. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने. सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो. त्यांनी मुलांसाठी कादंबऱ्या लिहिल्या. कादंबरी म्हणजे मोठी, लांब गोष्ट. त्यांनी लहान गोष्टी लिहिल्या, कविताही केल्या. त्यांची लहानमोठी सत्तरांवर पुस्तके आहेत. पण नुसते लिहीत बसले, असे त्यांनी कधी केले नाही. ते मास्तर होते, सत्याग्रही होते, तुरुंगातले कैदी होते, साप्ताहिकाचे संपादक होते. ही सगळी कामे करता करता त्यांची लेखणी चालली.

आईने दिलेले भांडवल

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात झाला. गाव पालगड, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. घराणे खोताचे. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. पण गुरुजींच्या लहानपणी घरची स्थिती खालावत गेली. कर्ज झाले. सावकाराचा तगादा लागला. शेवटी राहत्या घरावर जप्ती आली. गरिबी म्हणजे काय, हे या मुलाने पुस्तकात वाचले नाही. ते त्याने घरात पाहिले.

आईचे नाव यशोदा. तिने मुलाला शिकवले ते काम करता करता. एकदा अंघोळ झाल्यावर मुलगा हट्ट धरून बसला. ओल्या पायांना माती लागेल, तर तुझे लुगडे धोंड्यावर पसर, त्यावर मी पाय ठेवतो, असे म्हणू लागला. आईने त्याचा हट्ट पुरवला. पण मग त्याला समजावले, की पायांना घाण लागू नये म्हणून इतका जपतोस, तसाच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप.

दुसऱ्या एका वेळी मुलगा पोहायला भ्याला आणि लपून बसला. तेव्हा याच मायाळू आईने हातात शिपटी घेतली आणि त्याला विहिरीवर धाडले. मुलगा भित्रा राहिलेला तिला खपत नव्हता.

तिसरी गोष्ट एका म्हातारीची. तिची लाकडाची मोळी वाटेत पडली होती. म्हातारी अस्पृश्य मानलेल्या जातीची. मोळीला हात कोण लावणार? आईने मुलाला सांगितले, की जा, मोळी उचल आणि तिच्या डोक्यावर दे. ही मोळीची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

१९१७ साली आई वारली. मुलगा त्या वेळी शिकायला परगावी होता. आईची शेवटची भेट झाली नाही. ते दुःख त्याच्या मनातून कधी गेले नाही.

हाताने लिहिलेले रोजचे पत्र

गुरुजी हालअपेष्टा सोसून शिकले, एम. ए. झाले. १९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे ही शाळा प्रताप हायस्कूल या नावाने ओळखली जाऊ लागली. शाळेच्या वसतिगृहाचे कामही त्यांच्याकडे आले. परगावची मुले तिथे राहत. मुले आई सोडून आलेली. गुरुजी त्यांची आईच झाले. मुलांच्या खोल्या झाडाव्यात, पसरलेली अंथरुणे आवरावीत, आजाऱ्याच्या उशाशी बसावे, असे चाले.

याच वसतिगृहात त्यांनी एक नवी गोष्ट केली. 'छात्रालय' नावाचे दैनिक सुरू केले. दैनिक म्हणजे रोज निघणारे वर्तमानपत्र. पण याला छापखाना नव्हता. गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत आणि मुले वाचीत.

इथे गुरुजींची लेखणी तयार झाली. त्यांचा वाचक लांब कुठे शहरात नव्हता. तो समोरच होता. लिहिलेले त्याला कळले की नाही, ते त्याच्या तोंडावर लगेच दिसे. म्हणून त्यांची वाक्ये लहान आहेत. शब्द घरातले आहेत. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे छापील मासिकही काढले.

तुरुंगातली शाळा

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह केला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. सरकारने त्यांना पकडले. आधी धुळ्याच्या तुरुंगात ठेवले, मग दूर तमिळ मुलखात त्रिचनापल्लीला पाठवले. तिथे निरनिराळ्या प्रांतांचे, निरनिराळ्या भाषा बोलणारे सत्याग्रही एकत्र होते. आपण एका देशाचे, पण एकमेकांची भाषा आपल्याला येत नाही, ही गोष्ट गुरुजींच्या मनाला लागली. त्यांनी तमिळचा अभ्यास केला. तमिळमध्ये कुरळ नावाचा जुना नीतिग्रंथ आहे. तो त्यांनी मराठीत आणला.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तिथेच होते. विनोबा दर रविवारी कैद्यांना गीता समजावून सांगत. गीतेचे अध्याय अठरा, तशी त्यांची प्रवचनेही अठरा झाली. विनोबा बोलत आणि गुरुजी भराभर लिहून घेत. बोलणाऱ्याच्या वेगाने लिहिणे सोपे नाही, बरे का! हात दुखून येतो. पण गुरुजींनी ते लिहून घेतले म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्याला वाचायला मिळते. नाहीतर ते शब्द तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेले असते.

पाच दिवस आणि सोळा वर्षे

यानंतर गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी आपल्या आईच्या आठवणी लिहायला घेतल्या. १३ फेब्रुवारीच्या पहाटेपर्यंत ते लिहीत होते. हेच ते 'श्यामची आई' पुस्तक.

पाच दिवसांत एवढे लिखाण! ऐकणाऱ्याला चमत्कार वाटतो. पण नीट पाहा. कागदावर उतरायला पाच दिवस लागले. मनात ते सोळा वर्षे चालू होते. आई गेली १९१७ साली आणि पुस्तक लिहिले १९३३ साली. त्या साऱ्या काळात आईची एकेक आठवण त्यांनी किती वेळा मनात घोळवली असेल! कापणी चार दिवसांत उरकते, म्हणून पीक चार दिवसांत आले असे कुणी म्हणत नाही.

पुस्तकाची मांडणी आपल्याला ओळखीची वाटेल अशी आहे. श्याम नावाचा तरुण आश्रमात राहतो. रात्री प्रार्थना झाली, की तो सोबत्यांना आपल्या आईची एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. देवळात कीर्तन ऐकावे, तसे आपण ऐकत राहतो. विषय सारे घरातले. भाजीत मीठ घालायचे राहिले तर घरातले लोक कसे वागले, हा एका रात्रीचा विषय. कर्जाने घर कसे पोखरते, हा दुसऱ्या रात्रीचा. राजा नाही, राक्षस नाही, जादू नाही. एक गरीब आई आणि तिचा मुलगा, बस्स.

पुस्तक १९३५ साली छापून निघाले. लोकांनी ते डोक्यावर घेतले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५४ साली प्रथमच देण्यात आले. ते या चित्रपटाला मिळाले.

कविता, ओव्या आणि परक्या गोष्टी

गुरुजींच्या कवितांचे पुस्तक 'पत्री' हेही १९३५ चेच. आपण देवाला पत्री वाहतो. पत्री म्हणजे पाने. ज्याच्याजवळ फुले नाहीत, त्याने पाने वाहावीत. आपल्या कवितांना गुरुजींनी असे साधे नाव दिले. त्यांतल्या काही कविता देशावरच्या होत्या. त्या वाचून लोक पेटून उठतील असे भय इंग्रज सरकारला वाटले. सरकारने पुस्तकाच्या प्रती जप्त केल्या. केवढे सरकार आणि केवढेसे पुस्तक! पण सरकार त्याला भ्याले.

गुरुजींनी दुसऱ्यांची गाणीही सांभाळली. पहाटे जात्यावर बसून बाया ओव्या म्हणत. त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. माहेर, सासर, भाऊ, लेक, विठोबा, सगळे त्या ओव्यांत येई. एक बाई म्हणे, दुसरी ऐके, तिसरी भर घाली. लिहून कुणी ठेवीत नसे. गुरुजींनी या ओव्या गोळा केल्या आणि 'स्त्रीजीवन' या नावाने त्यांचा संग्रह केला. आता गावोगाव पिठाच्या गिरण्या झाल्या. जाती कोपऱ्यात पडली. पण ज्या ओव्या कागदावर उतरल्या, त्या राहिल्या.

परदेशी गोष्टीही त्यांनी आपल्या मुलांसाठी मराठीत आणल्या. जॉर्ज इलियट नावाच्या इंग्रज लेखिकेची एका विणकराची कादंबरी आहे. त्याचे साठवलेले सोने चोरीला जाते. मग एक पोरकी मुलगी त्याच्या घरी येते आणि त्याचे सुने घर भरून जाते. गुरुजींनी या विणकराला मराठी वेष दिला आणि त्याचे नाव ठेवले 'मनूबाबा'. वाचताना तो आपल्याच गावचा वाटतो.

लिहिले तसे वागले

आता ती मोळीची गोष्ट आठवा. पंढरपूरचा विठोबा गोरगरिबांचा देव. पण अस्पृश्य मानलेल्या लोकांना त्याच्या देवळात जाता येत नव्हते. संत चोखामेळ्याला बाहेरूनच हात जोडावे लागले. पुढे सहाशे वर्षे झाली, तरी दार बंदच होते.

गुरुजींना हे सोसवेना. देवाला सारी लेकरे सारखी, असे पुस्तकात लिहायचे आणि इकडे हे चालू द्यायचे, हे कसे जमावे? ते महाराष्ट्रभर फिरले, गावोगाव बोलले. १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. पोटात अन्न नाही, असे दहा दिवस गेले. अखेर सर्वांसाठी देऊळ उघडायचे ठरले. लहानपणी आईने जी मोळी उचलायला लावली, तेच काम मुलाने मोठेपणी पुरे केले.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. त्यात ते आपल्या पुतणीला पत्रे लिहीत. पत्रे तिच्या नावाची, पण वाचीत सगळी मुले. पाऊस, पाखरे, फुले, दूरचे देश, सारे त्यांत असे. 'साधना' आजही निघते.

पण गुरुजींचे मन फार हळवे होते. देशातला द्वेष आणि भांडणे पाहून ते खचत गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपवले. वय अवघे पन्नास. लिहायचे कितीतरी राहून गेले. इतरांचे अश्रू पुसणाऱ्यालाही कुणाचा तरी आधार लागतो. म्हणून मनावर भार आला, तर तो एकट्याने वाहू नये. जवळच्या माणसाशी बोलावे. आपल्या शेजारचा माणूस गप्प गप्प झाला, तर आपण होऊन त्याच्याजवळ जाऊन बसावे.

आपण काय करावे?

तुम्हाला आता अक्षरे लागतात. एक करून पाहा. गावच्या वाचनालयातून 'श्यामची आई' आणा. रोज रात्री जेवणे झाली, की एक रात्र मोठ्याने वाचा. मुले ऐकतील, म्हातारी माणसेही ऐकतील. अडखळलात तरी चालेल. दीड महिन्यात पुस्तक पुरे होईल.

आणि आणखी एक करा. तुमच्या आईच्या, आजीच्या तोंडी एखादी ओवी असेल. एखादी जुनी आठवण असेल. ती वहीत लिहून ठेवा. अक्षर वाकडे आले तरी हरकत नाही. माणूस जातो, तसा त्याचा आवाजही जातो. लिहिलेले मात्र नातवंडांना वाचायला मिळते.

आपसांत बोला

१. गुरुजींनी हाताने लिहिलेल्या दैनिकाचे नाव काय होते? ते कोण वाचीत?
२. 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिले, पण त्याची तयारी सोळा वर्षे चालली होती, असे का म्हटले आहे?
३. मोळीची गोष्ट आणि पंढरपूरचे उपोषण यांचा संबंध काय?
४. तुमच्या घरातली कोणती ओवी किंवा आठवण लिहून ठेवावीशी वाटते? ती आधी सांगा, मग लिहा.