बुलफ्रॉगच्या पोटात अंदमान

पहिला दणकून पाऊस झाला की कोकणातल्या खाचरांत इंडियन बुलफ्रॉगचे नर पिवळेधमक होतात आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून डराव डराव सुरू करतात. गोव्यात ‘जंपिंग चिकन’साठी, म्हणजे तंगड्यांसाठी, त्यांची चोरटी शिकार होते तीही याच दिवसांत. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली, तेव्हा पिकांवरची कीड खाणारा म्हणून त्याची बाजू हिरिरीने मांडली गेली होती. शेतकऱ्याचा हाच दोस्त पुढे अंदमानात पोचला, बहुधा मत्स्यबीजाबरोबर, आणि आता बेटामागून बेट काबीज करत चालला आहे.

तिथे तो खातो काय? नित्य प्रकाश मोहंती आणि जॉन मीझी या संशोधकांनी ३५८ बुलफ्रॉगांची पोटं तपासली. त्यासाठी बेडूक मारावा लागत नाही. तोंडातून बारीक नळी पोटापर्यंत सरकवायची, सिरिंजने पाणी सोडायचं. खाल्लेलं सगळं पाण्याबरोबर बाहेर येतं. बेडूक चावत नाही, अख्खं गिळतो. गिळताना डोळे आत ओढून भक्ष्य घशाखाली रेटतो. म्हणून नुकतंच खाल्लेलं असेल तर ते भिंगाखाली ओळखू येतं.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात किड्यामुंग्या निघाल्याच, पण आकारमानाच्या हिशेबात निम्म्याहून जास्त वाटा छोट्या पृष्ठवंशीय प्राण्यांचा होता. त्यांतले काही तर अंदमानाबाहेर जगात कुठेच सापडत नाहीत. नुसती डोकी मोजली असती तर हे लपून राहिलं असतं. शंभर मुंग्यांपुढे एक सरडा आकड्यात नगण्य ठरतो, पोट मात्र तोच भरतो.

बुलफ्रॉग तिथे काही नवं शिकलेला नाही. दबा धरून बसायचं, समोर हललं आणि तोंडात मावलं की गिळायचं, हा त्याचा इथलाही खाक्या. तिथल्या बेडकांशी फरक तोंडाच्या मापाचा. पंधरा-सोळा सेंटिमीटरपर्यंत वाढणाऱ्या या धटिंगणाचा जबडा भलताच रुंद, आणि जेवढा बेडूक मोठा तेवढं भक्ष्य मोठं. शिवाय लिम्नोनेक्टेस या स्थानिक बेडकांचं आणि त्याचं खाणं बरंच सारखं, म्हणजे घासातही वाटेकरी.

माझ्या मते खरी धास्ती मोठ्या बेडकांपेक्षा त्यांच्या पिल्लांची घ्यावी. बहुतेक बेडकांची पिल्लं शेवाळ खरवडून जगतात. बुलफ्रॉगची मांसाहारी, प्रसंगी एकमेकांनाही खाणारी. याच संशोधकांनी एका प्रयोगात अंदमानातल्या दोन जातींच्या बेडूकपिल्लांना त्यांच्या सोबतीला ठेवलं, तर एकही वाचलं नाही. डबक्यातल्या पाण्यात लपायला जागा ती किती! आणि मत्स्यबीजाच्या पिशवीतून नकळत प्रवास करतात तीही हीच पिल्लं. पिशवी तळ्यात रिकामी करण्याआधी कोणी नीट पाहिलं, तर पुढचं एखादं बेट अजून वाचू शकेल.