गोठण आणि गौठान : चराईचे वर्ष व शब्दांचा अर्थ

मराठीतील ‘गोठण’ आणि छत्तीसगढीतील ‘गौठान’ हे एकाच कुळातील शब्द होत. चरावयास निघण्यापूर्वी गावची गुरे जेथे एकत्र उभी राहतात, ती ही जागा. संस्कृत ‘गोष्ठ’ म्हणजे गोठा. त्यावरून सभा व संभाषण या अर्थी ‘गोष्ठी’, आणि तिच्यावरून मराठी ‘गोष्ट’. कथेचे नाव गाईंच्या थाऱ्यावरून पडावे, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

दुर्ग परिसरातील भातशेतीच्या प्रदेशात चराईचे वर्ष पिकाच्या अनुरोधाने चालते. रोवणीनंतर गुरे शेतांपासून दूर, पडीत जमिनीवर व रानात न्यावी लागतात. या निर्बंधास ‘रोका-छेका’ म्हणतात. श्रावण अमावास्येच्या हरेलीला गुरांना शिवणीच्या पानात मीठ व कणकेचे गोळे चारतात, कारण पावसाळा हा रोगराईचा काळ. कापणी झाली की धसकटांची शेते गुरांना मोकळी होतात. याच सुमारास, दिवाळीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, राऊत गुराखी पळसाच्या मुळांची ‘सोहाई’ गाईंच्या गळ्यात बांधतात आणि दोहे म्हणत नाचतात. उन्हाळ्यात गवत सरते व तणसावर भागवावे लागते.

मराठी गौळणीतील गोकुळ हे नित्याचे असते. ऋतूंचा हिशेब तेथे गौण ठरतो. राऊतांचा दोहा मात्र कापणीच्या दिवसांना बांधलेला आहे. गुराखी तेथे देवाचा सवंगडी तर असतोच, शिवाय गावाकडून मोबदला घेणारा कष्टकरीही असतो. हा संदर्भ सुटल्यास दोह्यातील आशीर्वचन केवळ अलंकार वाटू लागते.

हा संदर्भ आज क्षीण होत आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्याच्या वसाहतीत रुआबांधासारखी नावे उरली, परंतु कारखान्यासाठी घेतलेल्या जमिनींवरील शेत व कुरण यांचे जुने नाते मोडले. पुढे छत्तीसगढ शासनाने गावोगाव गौठाने बांधली आणि २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्याच दिवशी, गोधन न्याय योजनेखाली दोन रुपये किलो दराने शेणखरेदी आरंभली. उभे पीक वाचविणे व दुबार पेरणी शक्य करणे हा या गौठानांमागील हेतू रास्तच होता. तथापि, जेथून गाई चरावयास निघत, ते स्थान आता त्यांना मोकाट चरण्यापासून थोपविण्याचे झाले. शब्द टिकला, अर्थाची दिशा फिरली. दोह्यांचे संकलन करताना चराईचे पंचांगही टिपून ठेवावे लागेल, ते याच कारणाने.