घराला कुंपण घालताय? आधी हद्द, मग जाळी. आणि तारेत करंट तर कधीच नको

सुगी उरकली, चार पैसे हातात आले की गावात घराची अडलेली कामं निघतात. कुणाचा ओटा राहिलेला असतो, कुणाची फरशी, तर कुणाचं कंपाऊंड. त्यात कंपाऊंडचं काम सगळ्यात सोपं वाटतं. दुकानात जायचं, जाळीचा बंडल आणायचा, पोल रोवायचे, झालं. पण गावातली भावकीची भांडणं बघितली तर त्यातली बरीचशी या सोप्या कामातूनच उभी राहिलेली दिसतात. आणि काही घरांत तर कुंपणानं माणूस नेलेला असतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी चार गोष्टी नीट समजून घेतलेल्या बऱ्या.

कुंपण कुणासाठी?

कोणतं कुंपण चांगलं, असा प्रश्न दुकानदाराला विचारला तर तो त्याच्याकडं जे शिल्लक आहे ते चांगलं म्हणेल. आधी आपण स्वतःला विचारायचं, की हे कुंपण कुणाला अडवण्यासाठी घालायचं आहे?

शेळ्या आणि मोकाट जनावरं परसातला भाजीपाला खातात, एवढीच अडचण असेल तर चार-पाच फूट जाळी पुरते. कोंबड्या सांभाळायच्या असतील तर खालच्या दोन फुटांना बारीक घराची जाळी लागते, नाहीतर मुंगूस आणि कुत्री आत शिरतात. रानडुक्कर असेल तर ते वरून येत नाही, खालून उकरून येतं. तिथं जाळीची उंची वाढवून उपयोग नाही, खालची कड जमिनीत फूटभर गाडावी लागते किंवा खाली काँक्रीटचा पट्टा घालावा लागतो. रोही म्हणजे नीलगाय उलट वरून उडी मारते, तिला पाच फूट काहीच नाही.

बिबट्याचं सगळ्यात वेगळं. जुन्नर, संगमनेर, निफाड अशा उसाच्या पट्ट्यातल्या लोकांना हे सांगायला नको. बिबट्या सहा फुटांची जाळी किंवा भिंत सहज पार करतो. त्याच्यासाठी कंपाऊंड उंच करत बसण्यापेक्षा तोच पैसा गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरून जाळी मारण्यात घालावा. घराभोवती रात्री उजेड ठेवावा आणि कुंपणालगतचं गवत, झुडूप काढून टाकावं.

मोजणीशिवाय खड्डा नको

कुंपण घातलं की हद्द पक्की झाली असं आपण धरून चालतो. तसं नसतं. कुंपण चुकीच्या जागी घातलं म्हणून हद्द तिकडं सरकत नाही. उलट शेजाऱ्यानं मोजणी आणली तर उभं केलेलं सगळं उपटावं लागतं, आणि तोवर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालेलं असतं.

घर शेतात, वस्तीवर असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. मोजणीआधी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, मोजणीच्या वेळी हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात आणि नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती प्रत सातबाऱ्यासोबत जपून ठेवायची. घर गावठाणात असेल तर स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका गावात आली आहे का ते बघावं. 2020 साली सुरू झालेल्या या योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी करून घरांच्या जागेचे नकाशे केले जातात. नुसत्या घरपट्टीच्या पावतीवर किंवा नमुना 8 वर हद्द ठरत नाही.

पोल रोवताना बरोबर हद्दीच्या रेषेवर न रोवता सहा इंच, फूटभर आपल्या बाजूला घ्यावेत. तेवढी जागा गेली असं वाटतं, पण पोलचं काँक्रीट शेजाऱ्याच्या जागेत जात नाही आणि जाळीची दुरुस्ती आपल्याच जागेत उभं राहून करता येते.

आणखी एक. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पायवाट, बैलगाडीची वाट किंवा पाण्याचा पाट कुंपणानं बंद करू नये. वहिवाटीची वाट किंवा पाणी अडवलं तर मामलेदार कोर्ट कायदा, 1906 प्रमाणे तहसीलदारांकडं दावा होतो आणि अडथळा काढायचा आदेश निघू शकतो. रस्त्याच्या बाजूला कुंपण घालायचं असेल तर आधी ग्रामपंचायतीत विचारून रस्त्याची हद्द कुठपर्यंत आहे ते बघून घ्यावं.

जाळी: गेज समजून घ्या

गावात जास्त चालते ती तारेची चौकडा जाळी, तिला दुकानात चेन लिंक म्हणतात. हिच्यात फसवणूक होते ती गेजमध्ये. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे पुष्कळांना उलटं वाटतं. 8 गेजची तार साधारण 4 मिलिमीटर जाड असते, 10 गेजची सव्वातीन मिलिमीटर, 12 गेजची 2.6 मिलिमीटरच्या आसपास आणि 14 गेजची 2 मिलिमीटर. आकड्यात फरक किरकोळ दिसतो, पण 10 गेजच्या मानानं 12 गेजच्या जाळीत लोखंड सुमारे एक तृतीयांशानं कमी भरतं. म्हणून फुटावरचा भाव स्वस्त दिसला की लगेच बंडल उचलू नये. गेज किती, जाळीचं घर दोन इंची की तीन इंची, आणि बंडलाचं वजन किती, हे तिन्ही विचारायचं आणि बिलावर लिहून घ्यायचं.

हिरव्या प्लास्टिकची, म्हणजे पीव्हीसी कोटेड जाळी दिसायला छान आणि लवकर गंजत नाही. पण तिची जाडी सांगताना वरचं प्लास्टिक धरून सांगतात. आतली तार किती गेजची आहे ते टोकाला प्लास्टिक सोलून बघावं.

घराजवळ म्हैस, बैल बांधत असाल तर 10 गेजच्या खाली जाऊ नये. जनावर जाळीला अंग घासतं, शिंग अडकवतं. बारीक जाळी एका पावसाळ्यात झोपते. काटेरी तार घराच्या अंगणाला नकोच. लेकरं खेळतात, वासरं अडकतात, आणि तारेची जखम चिघळते. लावायचीच झाली तर जाळीच्या वर, माणसाच्या डोक्याच्या वर, एक-दोन ओळी लावाव्यात.

हिशोब कसा करायचा

समजा जागा 60 फूट बाय 40 फूट आहे. चारी बाजूंची लांबी झाली 200 फूट. चाळीस फुटांच्या बाजूला मधोमध 10 फुटांचं गेट धरलं तर जाळी लागते 190 फूट. आठ-आठ फुटांवर पोल धरले तर गेटचे दोन धरून साधारण 26 पोल होतात. चारी कोपऱ्यांना दोन-दोन आणि गेटच्या पोलांना एक-एक असे 10 तिरपे टेकू वेगळे. जाळी ताणून धरायला वर, मध्ये आणि खाली अशा तीन ओळी तार, म्हणजे 190 च्या तिप्पट 570 फूट. एवढा कागद करून दोन दुकानांत आणि दोन मिस्त्रींकडं न्यायचा. मजुरी, खड्डे, सिमेंट, वाळू आणि वाहतूक कुणाकडं, हे आधीच बोलून घ्यायचं.

टेकूंवर पैसा वाचवायचा मोह होतो. तो करू नये. जाळीचा सगळा ताण कोपऱ्यावर येतो. कोपऱ्याचा पोल आत झुकला की पूर्ण बाजूची जाळी सैल पडते.

पाच फूट कुंपण हवं तर पोल सात फुटांचा घ्यायचा, दोन फूट जमिनीत. काळ्या रानात मात्र एवढ्यावर भागत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यात वरवर रोवलेले पोल दोन वर्षांत दारुड्यासारखे डुलायला लागतात. तिथं खड्डा शक्यतो मुरमापर्यंत न्यावा, काँक्रीट भरावं आणि ते आठवडाभर पाणी मारून पिकू द्यावं. त्याच्या आत जाळी ताणायची नाही. गेट ठेवताना आजच्या मोटारसायकलकडं न बघता ट्रॅक्टर-ट्रॉलीकडं बघावं. ट्रॉली वळवायला 10 ते 12 फूट लागतात.

रेडीमेड भिंत घ्यावी का?

सिमेंटच्या फळ्या आणि खाचा असलेले पोल आणून दोन दिवसांत उभी करतात, ती रेडीमेड भिंत सध्या बरीच दिसते. आडोसा होतो, धूळ अडते, जनावराची नजर आत जात नाही. पण तिचे दोन दोष लक्षात घ्यावेत. पहिला म्हणजे जाळीतून वारा निघून जातो, भिंत तो सगळा अंगावर घेते. पोल उथळ असतील तर वळवाच्या एका वाऱ्यात ती आडवी होते. दुसरा दोष पाण्याचा. उताराच्या बाजूला भिंत घातली आणि पाण्याला मोऱ्या ठेवल्या नाहीत तर पावसाचं पाणी घरात तुंबतं किंवा शेजाऱ्याच्या अंगणात जातं. वस्ती एकटी असेल तर आणखी एक विचार करावा. बंद भिंतीआड चोर शिरला तर रस्त्यावरून कुणाला दिसत नाही. म्हणून पुष्कळ जण रस्त्याच्या बाजूला जाळी आणि मागच्या बाजूला भिंत असं करतात, ते शहाणपणाचं आहे.

मोबाइलवर दिसणारं पांढरं कुंपण

रीलमध्ये परदेशातल्या घरांभोवती पांढऱ्याशुभ्र पट्ट्यांचं ठेंगणं कुंपण दिसतं. अमेरिकेत ते फार चालतं. ते पुष्कळदा लाकडाचं नसून व्हिनाइलचं, म्हणजे आपल्या पाइपचं जे पीव्हीसी त्याचंच असतं. त्याला गंज नाही, वाळवी नाही, रंग द्यायचं काम नाही. फटी ठेवलेल्या पट्ट्यांचं, पूर्ण बंद आणि नुसत्या आडव्या दांड्यांचं असे त्याचे प्रकार असतात. फटीचं शोभेला, बंद आडोशाला, आणि आडव्या दांड्यांचं मोठ्या मोकळ्या जागेला.

आपल्याकडं घराच्या पुढच्या बागेला शोभेसाठी ते ठीक आहे. पण प्लास्टिकची पट्टी म्हशीचा रेटा सोसत नाही आणि पालापाचोळा पेटवला तर वाकून जाते. घ्यायचंच असेल तर उन्हात टिकणारा माल आहे ना, आणि एखादी पट्टी तुटली तर तेवढीच नंतर मिळेल का, हे विचारूनच घ्यावं.

झाडांचं कुंपण स्वस्त, पण निवडून

पैसा कमी आणि सबुरी जास्त असेल तर जुनं ते सोनं. मेंदी, करवंद, सागरगोटा, चिल्हार, घायपात यांचं कुंपण दोन-तीन वर्षांत दाट होतं. पावसाळ्याच्या तोंडाला एक आड एक अशा दोन ओळींत लावलं तर फटी राहत नाहीत. वर्षाला एकदा छाटणी मात्र करावी लागते, नाहीतर सापाकिरड्याला जागा होते.

लेकरं असलेल्या घराजवळ दोन झाडं टाळावीत. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात, आणि उलट्या-जुलाबानं दवाखाना गाठावा लागतो.

तारेत करंट सोडू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. डुकरांचा त्रास वाढला की काही जण रात्री घरातली किंवा मोटारीची लाईन थेट कुंपणाच्या तारेला जोडतात. ही 230 व्होल्टची वीज सलग चालू असते. ती अंगात शिरली की स्नायू आवळतात आणि माणसाला तारेवरून हातही सोडवता येत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेत रात्री पाणी धरायला निघालेला शेजारी, कधी स्वतःच्याच घरचं माणूस सापडतं. मग वीजचोरी तर आहेच, पण माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. वन्यप्राणी मेला तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली केस होते.

सोलरवरचं झटका मशीन वेगळं. त्यात बॅटरीवरून साधारण सेकंदाला एकदा, क्षणभराचाच झटका सुटतो, त्यामुळं जनावर दचकून मागं सरतं. ते मशीन कंपनीचं, आयएसआय मार्क बघून घ्यावं, अर्थिंग नीट करावं, पाट्या लावाव्यात, आणि ते शेताच्या बाजूला लावावं. अंगणाच्या कुंपणाला नको. त्याच्या तारेला घरची लाईन कधीही जोडू नये.

करंट न सोडताही साधी जाळी जीव घेऊ शकते. घराकडं येणारी सर्व्हिस वायर जाळीला टेकली आणि तिचं आवरण गेलं तर पावसात सगळं कुंपण जिवंत होतं. म्हणून जाळी विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाला बांधू नये, वायरपासून लांब ठेवावी आणि कुंपणावर ओले कपडे वाळत घालायची सवय मोडावी. जाळीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर घरातला मेन स्विच बंद करायचा, लेकरं-जनावरं लांब न्यायची आणि वायरमनला बोलवायचं. तो येऊन बघेपर्यंत जाळीजवळ कुणाला जाऊ द्यायचं नाही.