फवारणीला निघताना अंगावर काय आहे?



पऱ्हाटी वाढली, अळी दिसू लागली की गावोगाव पाठीवर पंप चढतात. औषध कोणते, प्रमाण किती, दर काय, याची आपण दुकानात दहा वेळा चौकशी करतो. पण फवारताना अंगात काय घालायचे, हे सहसा कोणी विचारीत नाही. बनियन, वर खोचलेला लेंगा आणि तोंडाला उपरणे, एवढ्यावर काम भागवले जाते. आपण त्याला औषध म्हणतो खरे. पण ते विष आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय घडले, ते आठवा. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. फवारा उंच धरावा लागे आणि तुषार अंगावरच येत. वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्यांनी विष प्यायले नव्हते. ते कातडीतून आणि श्वासातून आत गेले होते.

कातडी सगळीकडे सारखी नसते. अमेरिकेत १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅराथिऑन हे कीटकनाशक माणसाच्या अंगावर लावून पाहिले होते. हाताच्या पुढच्या भागातून जितके विष आत शिरले, त्याच्या सुमारे चौपट कपाळातून, सातपट काखेतून आणि जवळजवळ बारापट जांघेतल्या नाजूक भागातून शिरले. गळक्या पंपाचे पाणी पाठीवरून ओघळून नेमके तिथेच मुरते. म्हणून ओला झालेला कपडा अंगावर वाळू देऊ नका. तो विष कातडीला चिकटवून ठेवतो.

मग घालावे काय? पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, पायघोळ विजार, डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला औषधाची वाफ अडवणारा मास्क, रबरी हातमोजे आणि गमबूट. विजार बुटाच्या आत खोचू नका, बाहेर सोडा; नाहीतर ओघळ थेट बुटात उतरतो. पाठीवर पंपाखाली प्लॅस्टिकचा कागद बांधा. औषध कालवताना ते सर्वांत तीव्र असते. त्या वेळी हातमोजे, चष्मा आणि पुढे प्लॅस्टिकचा एप्रन हवाच.

अंगभर झाकणारे तयार पोशाखही मिळतात. बंगळुरूच्या इनस्टेम या सरकारी संस्थेने ‘किसान कवच’ नावाचा पोशाख तयार केला. तो डिसेंबर २०२४ मध्ये बाहेर आला. त्याच्या कापडाला लागलेले कीटकनाशक तिथेच निकामी होते, आणि तो धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो. त्या वेळी त्याची किंमत सुमारे ४,००० रुपये सांगितली होती. एकट्याला जड वाटली, तर दोन-तीन घरांनी मिळून घेण्याचा विचार करावा.

“अहो, उन्हात जीव गुदमरतो,” असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. म्हणून फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. वारा पाठीशी घ्या. अधूनमधून सावलीत थांबा, हात साबणाने धुऊन पाणी प्या. नॉझल तुंबला तर तोंडाने फुंकू नका.

पोशाख उतरवताना चुकलात, तर सगळी मेहनत वाया. आधी हातातले मोजे हातातच साबणाने धुवा. मग कपडे आतली बाजू बाहेर करीत काढा. मोजे शेवटी काढा आणि लगेच अंघोळ करा. मायबहिणींनो, हे कपडे पोराबाळांच्या कपड्यांत मिसळू नका. हातमोजे घालूनच वेगळे धुवा.

मळमळ, चक्कर, लाळ सुटणे, अंधुक दिसणे, छाती भरून येणे, यांपैकी काहीही जाणवले तर काम थांबवा. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा. औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद बरोबर न्या. कोणते विष आहे हे कळले तर डॉक्टरांना उतारा लवकर ठरवता येतो. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा.

फवारणीला मजूर लावत असाल, तर त्यालाही हेच कपडे द्या. ती मालकाची जबाबदारी आहे. त्याच्याही घरी संध्याकाळी वाट पाहणारी माणसे आहेत.