हौद्याची जीप

डाव्या चाकाचा नट सुटेना म्हणून आमचे डॉक्टर पान्यावर चढून उभे राहिले आणि स्टड कटकन तुटला. मिस्त्रीनं हातातला चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही. "डाव्या अंगाचा हाय त्यो, डॉक्टर. उलटा फिरतोय. तुम्ही सोडवत न्हवता, आवळत हुता."

विलीज घराण्यातल्या जुन्या जीपना डावीकडच्या चाकांवर उलट्या आट्याचे नट असतात. चाक पुढं फिरताना नट सैल होऊ नये, हा त्यामागचा हेतू. स्टडच्या तोंडावर बारीकसा इंग्रजी 'एल' कोरलेला असतो खरा, पण त्यावर चाळीस वर्षांचं ग्रीस आणि माती बसल्यावर तो कुणाला दिसणार? तो रविवार नवा स्टड शोधण्यात गेला. आमचे बरेच रविवार असेच जातात.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पाच जण जमतो. एक बँकेतून निवृत्त, एकाची फाउंड्री, एक डॉक्टर, एक कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला आणि लिहिण्यापुरता मी. गाडी एकच, तीही वर्गणीतली. गाव मात्र या धंद्याला अगदी नामी. पलीकडच्या गल्लीत लेथ, त्यापुढं बोअर मारणारा, चार पावलांवर ओतकाम. एखादं बुश बाजारात मिळत नसेल तर संध्याकाळपर्यंत ते करून मिळतं. वर लेथवाला ऐकवतो, "नमुना कशाला आणलाय, माप सांगा की."

ही आमची जीप पाहून लोक विचारतात, ही जीप कशी? बोनेटच नाही. प्रश्न रास्त आहे. हिचं नाव एफसी-150. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, केबिन इंजिनाच्या मागं नसून थेट इंजिनावर. विलीज कंपनीनं 1956च्या अखेरीस ती अमेरिकेत काढली. आराखडा ब्रूक्स स्टीव्हन्स या मिलवॉकीच्या डिझायनरचा. विलीजची जीपस्टर ही गाडीही त्याचीच. चाकांमधलं अंतर 81 इंच, गाडीची लांबी 12 फुटांच्या आसपास, आणि त्यात सहा फुटांहून लांब हौदा. नाक कापून ती जागा मालाला दिली, एवढाच विचार. दिसायला ती पुढून बेडकासारखी दिसते. मला ती देखणी वाटते, पण या बाबतीत माझ्या मताला घरी काही किंमत नाही.

अमेरिकेत ती फारशी खपली नाही. तीस हजारांच्या थोडं वर गाड्या निघाल्या आणि 1965 साली तिकडचं उत्पादन थांबलं. त्याच 1965 साली महिंद्रानं ती मुंबईत बनवायला घेतली. महिंद्राचं आणि विलीजचं नातं त्याआधीचं. स्वातंत्र्याच्या सुमारास माझगावात जीपचे सुटे भाग जुळवण्यापासून ते सुरू झालं. उंच बोनेटची सीजे-3बी, म्हणजे आपल्याकडं जीप म्हटल्यावर डोळ्यापुढं येते तीच, अमेरिकेत 1953 ते 1968 एवढीच बनली. आपल्याकडं तिचा पत्रा, तिचे अॅक्सल, तिची ठेवण नवनव्या नावांनी पुढं कितीतरी वर्षं चालू राहिली. म्हणून आज ओहायोतल्या एखाद्या हौशी माणसाला त्याच्या आजोबांच्या जीपचा एखादा भाग मिळेना, की तो भारतातून मागवतो.

ही गोष्ट अभिमान वाटावा अशी आहे, पण आमची सगळी पंचाईतही तिथंच आहे. आपल्याकडं जीप कधी जुनी झालीच नाही. ती साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात राबली, निवडणुकीत कर्णे बांधून फिरली, वडापला बारा माणसं आत आणि चार टपावर घेऊन धावली. राबणाऱ्या गाडीला कोणी मूळ अवस्थेत ठेवत नाही. जे मोडलं ते बदललं, महाग झालं ते काढून टाकलं. 1973 नंतर पेट्रोल भडकत गेलं तसतशी हजारो जीपमधली पेट्रोल इंजिनं निघाली आणि तिथं हाताला लागेल ते डिझेल बसलं. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली गाव तर लिलावातल्या लष्करी जीप घेऊन त्यांचं रूप पालटण्यासाठीच देशभर ओळखलं जातं. तेव्हा 'मूळ रूपात आणायची' असं आम्ही म्हणतो ते कुठल्या मुळापर्यंत, यावर शेडमध्ये जितकं भांडण झालं तितकं पैशांवरूनही झालं नाही.

आमची गाडी आम्हाला राधानगरीच्या बाजूला एका गोठ्याशेजारी सापडली. हौद्यात शेणी रचल्या होत्या. आत डिझेल इंजिन, महिंद्राच्याच नंतरच्या जीपमधलं, प्यूजोच्या परवान्याचं. कुणीतरी माउंटिंग कापून, पट्ट्या वेल्ड करून ते असं बसवलं होतं की मिस्त्रीनं दोन मिनिटं नुसतं पाहिलं. "हातात काम हुतं बघा त्याच्या," एवढंच बोलला. ज्यांची गाडी होती ते आजोबा म्हणाले, न्या. पैसे फार मागितले नाहीत.

फाउंड्रीवाल्यांचं म्हणणं, मूळचं हरिकेन हे पेट्रोल इंजिनच बसवायचं. बँकवाले म्हणत, डिझेल तीसेक वर्षं चाललंय, तेही तिचंच आहे. मत घेतलं, हरिकेन तीन विरुद्ध दोननं जिंकलं. मी तिघांत होतो.

हरिकेन इंजिन मात्र पाहण्यासारखं. चार सिलिंडर, 2199 सीसी. सिलिंडरचा व्यास सव्वातीन इंचांपेक्षा कमी आणि स्ट्रोक चार इंचांहून जास्त, म्हणजे उंच, सडसडीत सिलिंडर. त्यामुळं जोरात पळायचा स्वभाव नाही, पण कमी फेऱ्यांत ओढ जबरदस्त. मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर 5.38, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या पाचाहून जास्त. चढ कसाही असो, ती चढते. साठच्या पुढं न्यायची इच्छा गाडीलाही नसते आणि चालवणाऱ्यालाही उरत नाही. खरी गंमत व्हॉल्व्हची. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. आधीच्या जीपमध्ये सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच होते. इनटेक वर नेल्यानं इंजिनाला श्वास मोकळा मिळाला, पण इंजिन उंच झालं आणि त्या उंचीपायीच सीजे-3बीचं बोनेट वर उचलावं लागलं. आमच्या गाडीला बोनेटच नाही, तेव्हा ती उंची ड्रायव्हर आणि शेजाऱ्याच्या मध्ये, पत्र्याच्या टोपणाखाली येऊन बसली. एप्रिलमध्ये त्या टोपणाला पोटरी लागली तर माणूस सावध होतो.

टॅपेट लावायचे तर दोन जागी. इनटेकसाठी सीटवर बसून टोपण काढायचं, एक्झॉस्टसाठी खाली वाकून ब्लॉकच्या बाजूचं झाकण उघडायचं. थंड इंजिनाला इनटेक 18 थाऊ, एक्झॉस्ट 16. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिस्त्री फिलर गेजची पात सरकवतो आणि डोळे मिटतो. पात फार सैल नको, अडकायलाही नको. लोण्यातून सुरी जाते तशी, थोडी धरत गेली पाहिजे. मला ते अजून जमलेलं नाही. माझ्या हातून लावलेला तिसरा टॅपेट टकटक वाजतो, आणि तो वाजला की बाकीचे चौघं माझ्याकडं बघतात.

इंजिनाचे भाग जीपचेच, म्हणून पिस्टन, रिंगा, बेरिंग मिळाली. काही कुर्ल्याहून, काही पुण्याच्या जुन्या बाजारातून. हाल झाले ते केबिनचे. दारांची रबरं, काचेचं बीडिंग, फ्लोअरचा पत्रा, हे फक्त या गाडीचं. फ्लोअर एका पत्रेकाम करणाऱ्यानं हातोडी आणि डॉलीवर ठोकून उभा केला. लांबी, म्हणजे पुट्टी, कमीत कमी भरायची, ही त्याची अट. चांगला पत्रा लांबी खात नाही, असं तो म्हणतो.

दार घासायला घेतलं तेव्हा एका दुपारी सगळं काम थांबलं. वरचा रंग निळा, त्याखाली पिवळा, आणि पिवळ्याच्या पोटातून लाल अक्षरं वर आली: '...सहकारी दूध...'. पुढचं गावाचं नाव गंजात गेलेलं. म्हणजे हिनं पहाटे कॅन वाहिले होते. पुन्हा भांडण सुरू. मूळ रंग तर करडा असणार, तोही कोपऱ्यात दिसत होता. शेवटी सगळी गाडी करडी करायची आणि डावं दार घासलं तसंच ठेवून वरून फक्त क्लिअर मारायचा, असं ठरलं. याबद्दल मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, त्या गाडीवर आम्ही केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

सरकारी कागदावर मूळ रूप कुठलं, हा प्रश्न फार सोपा आहे. 2021 साली केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, खासगी वापराची आणि मूळ रूपात राखलेली गाडी हवी. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण त्या व्याख्येत दुचाकी येतात आणि माणसं वाहून नेणाऱ्या चारचाकी येतात. माल वाहणारी गाडी त्यात कुठं नाही. राजेरजवाड्यांच्या मोटारींना मान मिळाला, दुधाच्या कॅनवालीला नाही. बँकवाले हे वाचून खूश झाले. "बघा," म्हणाले, "मूळ इंजिन बसवून तरी काय मिळवलंत?"

गाडी चालू झाल्यावर आम्ही आजोबांना बोलावलं. नातवाबरोबर आले. डाव्या दाराशी बराच वेळ उभे राहिले, अक्षरांवरून अंगठा फिरवला, त्या संस्थेचं पूर्ण नाव सांगितलं. मग केबिनमध्ये डोकं घालून टोपण उचललं आणि विचारलं, "आमचं इंजान कुठं गेलं?"

ते कोपऱ्यात ताडपत्रीखाली होतं. माउंटिंग कापणारा माणूस कोण, हे तेव्हा कळलं. त्यांच्या धाकट्या भावानं एका पावसाळ्यात, घरच्या वेल्डिंगवर, एकट्यानं ते केलं होतं. भाऊ आता नाही. आजोबांनी इंजिन परत मागितलं. गुऱ्हाळाला मोटर आहे, पण हंगामात लाईट जाते आणि रस तसाच राहतो, असं कारण त्यांनी दिलं. आम्ही ते कारण धरून चाललो.

पुढच्या रविवारी चेनपुलीनं डिझेल इंजिन उचललं आणि त्याच गाडीच्या हौद्यात टायरवर ठेवलं. दोरीचे चार फेरे मिस्त्रीनं स्वतः मारले. आजोबा पुढं, टोपणाशेजारी, पोटरी सांभाळून. बँकवाले गाडी चालवत होते, त्यांनीच मागून घेतली होती. राधानगरीच्या रस्त्याला चढ लागला तसा त्यांनी दुसरा टाकला, आणि आम्ही मागं हौद्यात इंजिनाला धरून बसलेलो, माझा तिसरा टॅपेट ऐकत.