हेडलाईटचा उजेड वाटेत कुठे गळतो?

मीरा रोड-भाईंदरच्या आतल्या रस्त्यांवर जुन्या गाडीचे दिवे मंद झालेत हे वर्षानुवर्षं कळत नाही. गोल्डन नेस्टच्या आसपास खांबांचा आणि दुकानांचा इतका उजेड असतो की हेडलाईट लावायचा तो समोरच्याने आपल्याला पाहावं म्हणून. परीक्षा होते ती शहराच्या कडांवर. एकीकडे भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत उत्तनला जाणारा रस्ता. दुसरीकडे काशिमीरा, वरसावे ओलांडून गायमुखच्या घाटातून ठाण्याकडे उतरणारा घोडबंदर रोड. त्याच्या एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, समोरून कंटेनरची रांग, आणि पावसात ओल्या डांबरावर पांढरे पट्टेही दिसेनासे होतात. तिथे पंधरा वर्षांची वॅगन आर किंवा सँट्रो चालवणारा माणूस घरी आल्यावर ठरवतो, उद्या बल्ब बदलायचे.

बल्ब बदलून फरक पडतो, पण बहुतेक वेळा अपेक्षेपेक्षा थोडा, कारण जुन्या गाडीत उजेड कमी होतो तो बल्बच्या आधी किंवा बल्बच्या पुढे. बल्ब स्वतः दोषी असण्याची शक्यता कारणांच्या यादीत बरीच खाली येते. म्हणून आधी शोध, मग खरेदी.

आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्यांत बहुतेक करून एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो: तीन पिनांचा, १२ व्होल्टचा, ६०/५५ वॅटचा. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, ६० वॅटची अप्परसाठी आणि ५५ वॅटची डिपरसाठी. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि तिथून आपटलेला प्रकाश खाली, रस्त्यावर पडतो. वाटीची एक कड १५ अंशांनी तिरकी कापलेली असते. त्यामुळे उजेडाची वरची रेघ उजवीकडे सपाट राहते आणि डावीकडे चढते. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून कडेचा माणूस लांबून दिसावा आणि समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत मात्र उजेड जाऊ नये, यासाठी ही सोय. हा सगळा हिशेब फिलामेंट नेमक्या जागी असण्यावर उभा आहे. पुढे एलईडीबद्दल बोलताना तो लागेल.

बल्बच्या उजेडाचा आकडा १३.२ व्होल्टवर मोजलेला असतो. त्या दाबाला एच-४ चा डिपर साधारण १००० ल्युमेन देतो आणि अप्पर १६५०. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, तो साधारण ३.४ व्या घाताने कोसळतो. पिनेपर्यंत १२ व्होल्टच पोचले तर १००० चे ७२० च्या आसपास उरतात, आणि ११.५ पोचले तर ६३०. व्होल्टेज तेरा टक्क्यांनी घसरलं की उजेडाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग गेला, आणि दिसायला फक्त बल्ब जरा पिवळा दिसतो. लोक त्याला ‘बल्ब म्हातारा झाला’ म्हणतात.

व्होल्टेज घसरतं ते वाटेत. जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट बॅटरीपासून फ्यूजबॉक्स, तिथून स्टिअरिंगखालचा स्विच, मग अप्पर-डिपरचा खटका आणि पुन्हा बोनेटखाली दिव्यांपर्यंत असा हिंडून येतो. दोन डिपर मिळून नऊ अँपिअरच्या वर करंट ओढतात. तार बारीक, जोड पंधरा वर्षांचे आणि खटक्याची टोकं जळून काळी पडलेली. गच्चीवरची टाकी भरलेली असूनही बारीक, गंजक्या पाइपातून नळाला धार येत नाही, तसला हा प्रकार.

मीरा-भाईंदरमध्ये हे इतर शहरांपेक्षा लवकर होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, मधे मिठागरं. खारी, दमट हवा तांब्याला हिरवट करते आणि अर्थिंगच्या स्क्रूभोवती गंजाचा थर चढवते. उत्तनला किंवा खाडीलगत उघड्यावर गाडी लावणाऱ्यांनी पहिला संशय अर्थिंगवरच घ्यावा.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा, इंजिन चालू करा, डिपर लावा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १३.८ ते १४.४ दिसलं तर डायनॅमो ठीक आहे. त्याहून बरंच कमी असेल, किंवा सिग्नलला मंद झालेले दिवे रेस दिली की उजळत असतील, तर आधी डायनॅमो आणि त्याचा पट्टा पाहा, बाकी सगळं नंतर. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं बल्बच्या मागच्या होल्डरमधल्या डिपरच्या तारेला लावा. होल्डर बल्बवर चढलेलाच हवा आणि दिवा पेटलेला हवा. बल्ब काढून रिकाम्या होल्डरला मीटर लावलं तर करंटच वाहत नाही, आणि मीटर सगळं आलबेल असल्याचं सांगतं. पुष्कळ गॅरेजमध्ये असंच मोजतात. पेटत्या दिव्यावर मीटर जेवढे व्होल्ट दाखवील तेवढे वाटेत खाल्ले गेले. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. एक-दीड व्होल्ट दिसले तर चोर सापडला. तसंच बॅटरीच्या मायनसपासून होल्डरच्या अर्थच्या तारेपर्यंत मोजा. तिथे ०.२ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये.

अर्थिंगचा दोष सर्वांत स्वस्तात जातो. अर्थची तार जिथे बॉडीला स्क्रूने बसते तिथला गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करायचा, नवं रिंग टर्मिनल घट्ट दाबून बसवायचं आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. एवढ्याने काही गाड्यांत निम्मा प्रश्न सुटतो.

प्लसच्या बाजूला रिले हवा. रिले म्हणजे करंटने चालणारा खटका. स्टिअरिंगजवळच्या जुन्या स्विचने आता दिवा पेटवायचा नाही, फक्त रिलेला इशारा द्यायचा, आणि त्यासाठी अगदी थोडा करंट पुरतो. दिव्याचा खरा करंट बॅटरीपासून जाड तारेने, फ्यूजमधून, रिलेमार्गे थेट बल्बला जातो. रिलेच्या पिनांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून येणारी तार, ८७ ला दिव्याकडे जाणारी, आणि ८५ व ८६ ही इशाऱ्याच्या गुंडाळीची दोन टोकं. अप्परसाठी एक आणि डिपरसाठी एक, असे दोन रिले लागतात. तार २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा, म्हणजे पुढे तार कुठे घासून शॉर्ट झाली तरी आग लागण्याआधी फ्यूज उडेल. रिले पिना खाली करून लावावेत, नाहीतर जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीत त्यांत पाणी साचतं. सिरॅमिक होल्डरसकट तयार किट मिळतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतं, आणि रिले व टर्मिनल सुटे घ्यायचे तर लॅमिंग्टन रोड आहेच.

किट लावण्याआधी एक गोष्ट पाहून घ्यावी. काही गाड्यांत, विशेषतः जपानी घडणीच्या, वायरिंग उलटं असतं. बल्बच्या सामाईक पिनेला प्लस मिळतो आणि अप्पर-डिपरचा खटका अर्थ जोडतो किंवा तोडतो. अशा गाडीत तयार किट आंधळेपणाने लावलं की डिपर लावल्यावर अप्परचा निळा दिवा मिणमिणतो, किंवा काहीच पेटत नाही. सामाईक पिनेवर प्लस येतो की अर्थ, हे मीटरने दोन मिनिटांत कळतं. इलेक्ट्रिशियन ते मोजायला कंटाळत असेल तर दुसरा शोधावा.

हे झाल्यावर त्याच जुन्या बल्बवर गाडी एकदा रात्री फिरवून पाहा. पुष्कळांचा शोध इथेच थांबतो.

नवे बल्ब घ्यायचेच असतील तर जोडीने घ्यावेत. जुन्या बल्बमध्ये टंगस्टन झिजून काच आतून काळसर झालेली असते, आणि एक नवा, एक जुना अशी जोडी डोळ्याला खटकते. काचेला बोट लावू नये, बोटाचं तेल तापून तिथे काच लवकर दगा देते. नामांकित कंपन्यांच्या ‘+१००’, ‘+१३०’ अशा बल्बांत वॅट वाढत नाहीत. त्यांची फिलामेंट अधिक तापते आणि उजेड रस्त्याच्या काही भागावर अधिक एकवटतो. उजेड खरा असतो, आयुष्य मात्र कमी. रिले असल्याशिवाय त्यांच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. निळसर काचेचे ‘एकदम पांढरे’ बल्ब तर टाळावेतच. निळा थर पिवळा-लाल उजेड गिळतो, म्हणजे आपण पैसे देऊन उजेड कमी करून घेतो, आणि पावसात ते लगेच जाणवतं.

१००/९० वॅटचा बल्ब हा आपल्या गॅरेजांचा जुना लाडका उपाय. दोन अप्पर मिळून दहाऐवजी सतरा अँपिअरच्या जवळ जातात. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. मूळ वायरिंगवर तो लावला की प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो, खटक्याची टोकं चिकटतात आणि प्लॅस्टिकच्या हेडलाईटमध्ये रिफ्लेक्टरचा चंदेरी थर करपतो. शिवाय अधिक करंटमुळे वाटेतली गळतीही वाढते, तेव्हा वॅट वाढले तेवढा उजेड वाढतच नाही.

एलईडीचं दुकानदार सांगतात तितकं सोपं नाही. हॅलोजनचा रिफ्लेक्टर एका बारीक फिलामेंटसाठी घडवलेला असतो. एलईडीचे चिप दोन सपाट बाजूंना असतात. ते फिलामेंटच्या नेमक्या जागी नसले, थोडे जाड असले किंवा बल्ब होल्डरमध्ये किंचित फिरला, तर वाटीने काढलेली ती उजेडाची रेघ विस्कटते. गाडीच्या अगदी पुढ्यात लख्ख पांढरं दिसतं, ड्रायव्हर खूश होतो, पण पन्नास मीटरवर हॅलोजनपेक्षाही कमी उजेड पोचू शकतो आणि उरलेला समोरच्याच्या डोळ्यांत जातो. घोडबंदर रोडवर आपल्याला जे दिवे आंधळं करतात, त्यांतले बरेच असेच आहेत. पूर्वी आरटीओ हेडलाईटच्या वरच्या भागावर काळा पट्टा रंगवायला लावायचं, ते याच त्रासासाठी. आजही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की उजेड कायम खाली वळलेला हवा, इतका की आठ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तो दिपवणार नाही.

बल्बच्या पुढचा अडथळा म्हणजे काच. जुन्या मारुती ८०० च्या खऱ्या काचा पिवळ्या पडत नाहीत. नंतरच्या गाड्यांच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या असतात, आणि उन्हाने त्यांचा वरचा संरक्षक थर मरतो. पाण्याने ओल्या पॉलिश पेपरने, ८०० पासून ३००० नंबरापर्यंत क्रमाने घासून मग पॉलिश केलं की त्या पुन्हा स्वच्छ होतात. पण शेवटी अतिनील किरणं अडवणारा थर दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो. टूथपेस्टचा उपाय तर काही आठवड्यांचा. आतला रिफ्लेक्टरच काळवंडला असेल तर मात्र काही घासून भागत नाही, असेम्ब्ली बदलावी लागते. ऑनलाइन घेताना ती डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठीची आहे ना हे पाहावं. उलट्या देशासाठी बनलेली असली तर उजेडाची चढण उजवीकडे, म्हणजे समोरच्याच्या तोंडावर पडते.

आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांचाही हिशेब करावा. साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीपेक्षा बराच कमी उजेड पोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचे दिवे जास्त फुटतात. विंडस्क्रीनचा आतून साचलेला तेलकट थर पुसणं तर फुकटच आहे.

फोकस सेट करणं सगळ्यांत शेवटी, कारण वरचं काहीही हलवलं की तो बदलतो. सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर सरळ उभी करा. चाकांत हवा नेमकी, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसलेला, आणि डॅशबोर्डवर दिव्यांच्या उंचीचा खटका असेल तर तो शून्यावर. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खूण करा. डिपरची सपाट रेघ त्या खुणेच्या साडेसात सेंटीमीटर खाली यायला हवी, म्हणजे एक टक्का उतार. दिवा ६५ सेंटीमीटरवर असेल तर हा उजेड ६५ मीटरपर्यंत पोचतो. तीन टक्के उतार राहिला तर बावीसच मीटर. ताशी ६० किलोमीटरने बावीस मीटर सव्वा सेकंदाच्या आसपास संपतात, आणि गाडीवाल्याला वाटतं की बल्बच मंद आहे. उंचीचा आणि बाजूचा असे दोन स्क्रू हेडलाईटच्या मागे असतात. एक दिवा कापडाने झाकून दुसरा सेट करायचा, आणि डावीकडची चढण जागेवर आहे का ते पाहायचं. एमएच-०४ ची गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पासिंगला न्यावी लागते. तिथे हेडलाईट पाहतात. हे स्क्रू त्याच्या आदल्या आठवड्यात फिरवलेले बरे.