रोग्यांच्या दोन गटांची तुलना

एका शेतकऱ्यानें नवें बियाणें विहिरीखालच्या बागाइतींत पेरलें आणि जुनें बियाणें माळावरच्या जिराइतींत पेरलें. सुगीला नव्या बियाण्याचें पीक दुप्पट आलें. ‘बियाणें मोठें गुणाचें आहे हो!’ असें तो गांवभर सांगूं लागला. आपण त्याला लागलीच विचारूं, ‘बाबा रे, हा गुण बियाण्याचा कीं पाण्याचा?’ शेताच्या बाबतींत हा प्रश्न सहज सुचतो. परंतु जेथें शेताच्या ठिकाणीं रोगी माणसें असतात आणि पिकाच्या ठिकाणीं त्यांच्या आयुष्याचे महिने मोजावयाचे असतात, तेथें तो सुचेलच असें नाहीं. श्रोतेहो, आजच्या भाषणांत मला ह्या एकाच प्रश्नाविषयीं बोलावयाचें आहे.

कर्करोग हा मूलतः पेशींतील जनुकांचा विकार होय. जनुकांत कांहीं ठराविक बदल सांचत गेले म्हणजे पेशी शरीराचें शासन जुमानीत नाहीं व बेसुमार वाढूं लागते. हे बदल कोणते, याची शिस्तवार नोंद करण्याचें काम अमेरिकेंतील दोन सरकारी संस्थांनीं २००६ सालीं ‘द कॅन्सर जिनोम ॲटलास’ या नांवानें हातीं घेतलें. त्यांत ३३ प्रकारच्या कर्करोगांच्या ११,००० हून अधिक रोग्यांच्या गांठी तपासण्यांत आल्या. ही व अशीच इतर माहिती २०१६ च्या जून महिन्यापासून ‘जिनोमिक डेटा कॉमन्स’ या संकेतस्थळावर ठेवलेली आहे. रोग्याचें नांवगांव तेथें नसतें, केवळ एक क्रमांक असतो. आणि ज्या माहितीवरून व्यक्तीची ओळख पटण्याचा संभव आहे, ती परवानगीवांचून कोणास मिळत नाहीं. बाकीचें भांडार मात्र इंटरनेट असलेल्या कोणत्याही विद्यार्थ्यास विनामूल्य खुलें आहे.

या ठिकाणीं तुलनेचें एक साधन आहे. आपण रोग्यांचे दोन गट निवडावयाचे. दोन्ही गटांत किती रोगी सामाईक आहेत, स्त्रिया व पुरुष किती, निदानाच्या वेळचें वय काय होतें, किती हयात आहेत, हें सारें तें क्षणार्धांत शेजारीं शेजारीं मांडतें. आणि कोणता गट किती काळ जगला याचा आलेखही काढून दाखवितें.

हा आलेख समजून घेण्याजोगा आहे. तो जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनीं खालीं उतरतो. आरंभीं शंभर टक्के रोगी जिवंत असतात. जेव्हां एखादा मृत्यु पावतो, तेव्हां रेघ एक पायरी उतरते. परंतु एखादा रोगी गांव सोडून जातो व पुढें त्याची वार्ता लागत नाहीं. त्याला मृतांत धरावें कीं जिवंतांत? १९५८ सालीं कॅप्लान व मायर या संख्याशास्त्रज्ञांनीं यास चांगला तोडगा काढला. ज्या दिवसापर्यंत तो हयात असल्याचें ठाऊक आहे, त्या दिवसापर्यंत त्याला हिशेबांत धरावें आणि पुढें त्याचें नांव वगळावें. अशा रीतीनें अपुऱ्या माहितीचाही उपयोग होतो आणि खोटें कांहीं लिहावें लागत नाहीं.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. मेंदूंत ग्लायोब्लास्टोमा नांवाची अत्यंत घातक गांठ होते. २००८ सालीं संशोधकांना अशा कांहीं गांठींत ‘आयडीएच१’ या जनुकांत बदल झालेला आढळला. पुढच्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासांत, बदल असलेल्या गटांतील निम्मे रोगी ३१ महिन्यांहून अधिक जगले. बदल नसलेल्या गटांत हाच आंकडा १५ महिने होता. दुपटीचा फरक! येथेंच आपल्याला तो शेतकरी आठवला पाहिजे. कारण २००८ च्या अभ्यासांत बदल असलेल्या रोग्यांचें सरासरी वय ३३ वर्षें होतें व इतरांचें ५३ वर्षें. मेंदूच्या या रोगांत तरुण माणूस वृद्धापेक्षां अधिक टिकतो, हें पूर्वींपासूनच ठाऊक होतें. मग हें अधिक जगणें जनुकाचें कीं तारुण्याचें?

याचें उत्तर काढण्याचा मार्ग सरळ आहे. दोन्ही तुकडे बागाइतींतलेच घ्यावयाचे. म्हणजे तरुणांची तुलना तरुणांशीं आणि वृद्धांची वृद्धांशीं करावयाची. २००८ च्या संशोधकांनीं केवळ तरुण रोग्यांचा एक गट वेगळा काढून पाहिला आणि तेथेंही फरक टिकून राहिला. म्हणूनच त्या निष्कर्षास वजन आलें. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणांत तर प्रौढांच्या ज्या गांठींत हा बदल आहे, त्यांस ग्लायोब्लास्टोमा हें नांवच उरलें नाहीं. त्यांचा वर्ग निराळा ठरला.

दुसरा एक मोह सांगण्यासारखा आहे. साधन आलेखाबरोबर एक संख्या देतें. दोन गटांत खरोखर कांहींच भेद नसतांना केवळ योगायोगानें एवढा फरक दिसण्याचा संभव किती, हें ती सांगते. विसांत एकाहून कमी असेल तर फरकाची दखल घ्यावी, असा प्रघात आहे. परंतु ज्यांच्यांत कांहींच भेद नाहीं अशा वीस जोड्या कोणी एकामागून एक ताडून पाहिल्या, तर त्यांतील एखादी या कसोटीला योगायोगानेंच उतरेल. म्हणून प्रश्न आधीं ठरवावा व आलेख मागाहून काढावा. शिवाय, वय आपल्याला दिसतें म्हणून तें सारखें करतां येतें. जें नोंदलेलेंच नाहीं, तें सारखें कसें करणार? उपचारांची कसोटी म्हणूनच निराळ्या रीतीनें घेतात. आयडीएच जनुकांतील बदलावर योजलेल्या व्होरासिडेनिब या औषधाची परीक्षा झाली, तेव्हां सौम्य प्रतीच्या गांठी असलेल्या ३३१ रोग्यांची वांटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोपविली होती. औषध मिळालेल्या निम्म्या रोग्यांत रोग २७.७ महिन्यांहून अधिक काळ वाढला नाहीं. इतरांत हा काळ ११.१ महिने होता. हा निकाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षीं अमेरिकेंत औषधास मान्यता मिळाली.

शेवटीं आपल्या घरचा विचार. त्या अमेरिकन ॲटलासांतील बहुसंख्य रोगी गौरवर्णीय आहेत. तंबाखू गालांत धरण्याच्या संवयीमुळें आपल्याकडे गालाचा व हिरडीचा जो कर्करोग होतो, त्याचें चित्र तेथील आंकड्यांवरून जसेंच्या तसें उतरवून घेतां येणार नाहीं. नव्या मुंबईंत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची संशोधनसंस्था आणि बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्था यांनीं मिळून या रोगाच्या गांठी तपासल्या व २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वीं ठाऊक असलेल्या जनुकांबरोबर कांहीं नवीं जनुकेंही त्यांत आढळलीं. आपल्या रोग्यांची तुलना कोणाशीं करावयाची, हें ठरविण्यासाठीं आधीं आपल्या रोग्यांची नोंद हवी, हाच त्याचा अर्थ.

आलेख काढण्याचें काम यंत्रानें आपल्या हातून घेतलें, हें उत्तमच झालें. परंतु त्यांतील प्रत्येक पायरी म्हणजे कोणाच्या तरी घरचा एक मृत्यु आहे. त्या माणसांनीं आपली गांठ व आपली माहिती अनोळखी लोकांच्या उपयोगासाठीं देऊन ठेविली. तेव्हां दोन रेघांमधील अंतर पाहून हर्ष मानण्यापूर्वीं, हे दोन गट आणखी कोणत्या बाबतींत वेगळे आहेत, एवढें विचारणें हें आपलें त्यांच्याशीं असलेलें कर्तव्य आहे.